सरांनी दिलेला फॉर्म नाकारता येतो का?

तास संपायला दहा मिनिटं उरलेली असतात. सर कॅटलॉग मिटतात आणि म्हणतात, "एक छोटं काम आहे. माझ्या पीएच.डी.ची प्रश्नावली आहे, तेवढी भरून द्या. कंपल्शन नाही हं." सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, गठ्ठा घेऊन बाकांमधून फिरतो. घंटा होते तेव्हा जितके कागद गेले तितके परत आलेले असतात.

"कंपल्शन नाही" हे सर मनापासून म्हणालेले असतात. तरी समोरच्या साठ जणांतल्या एकालाही कागद कोरा परत देणं जमत नाही. असं का होतं, आणि तो कोरा देता यावा म्हणून काय काय करावं लागतं, ते या लेखात सांगायचं आहे.

मी समाजशास्त्र शिकवते आणि माझ्या पीएच.डी.साठी मीही असंच केलं होतं. विषय होता खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींचा: खोली कशी मिळाली, मेसचे पैसे कोण देतं, शिक्षण सोडून घरी जावंसं कधी वाटलं का. प्रश्नावलीवर ठळक छापलं होतं, 'नाव लिहू नये'. वर्गात दोनदा सांगितलंही. संध्याकाळी घरी गठ्ठा सोडला आणि पाहते तर निम्म्याहून जास्त कागदांच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रोल नंबर! नाव लिहू नका म्हटलं, ते त्यांनी पाळलं होतं. पण वर्गात जमा केलेल्या कागदावर आपली खूण हवी, ही सवय शाळेपासून अंगात मुरलेली. एका कागदावर तर रोल नंबर सोडून काहीच नव्हतं. सगळे प्रश्न कोरे. त्या विद्यार्थ्याला उत्तरं द्यायची नव्हती, पण 'याने कागद दिलाच नाही' असं मॅडमना वाटू नये, एवढी काळजी मात्र घ्यायची होती. तो कागद बरेच दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

माणसाला संशोधनात सामील करून घ्यायचं तर त्याची खुशीची संमती हवी, हे तत्त्व नीट कागदावर आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ च्या निकालात दहा कलमं लिहिली गेली. त्यांना न्यूरेम्बर्ग संहिता म्हणतात. पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं आहे. पुढे १९६४ मध्ये माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारी, जागतिक वैद्यक संघटनेची हेलसिंकी घोषणा आली. तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या, आणि आजच्या आवृत्तीत डॉक्टरांना स्पष्ट बजावलेलं आहे: समोरचा माणूस तुमच्यावर अवलंबून असेल, तर संमती तुम्ही स्वतः मागू नका, त्या नात्याबाहेरच्या जाणकार माणसाला मागू द्या.

आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ज्यांच्या संमतीबाबत विशेष जपायला हवं, अशा लोकांची त्यांत यादी आहे. संमती देण्याइतकी समज असली तरी परिस्थितीमुळे ज्यांना मोकळेपणानं 'नाही' म्हणता येत नाही, अशांमध्ये विद्यार्थी, नोकरदार, सैन्यदलातले लोक आणि तुरुंगातले कैदी एकाच ओळीत येतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकले होते. विद्यार्थी आणि कैदी शेजारी शेजारी? मग आपल्याच कॉलेजचं वर्ष आठवून पाहिलं. इंटर्नलचे मार्क, जर्नलवरची सही, टर्मवर्क, डिफॉल्टर लिस्ट, तोंडी परीक्षा, आणि शेवटी पुढच्या प्रवेशासाठी लागणारं शिफारसपत्र. ही सगळी कुलपं आणि त्यांच्या किल्ल्या दोन-चार माणसांच्या खिशात. त्यांतलाच एक जण प्रश्नावली घेऊन उभा राहतो.

नियमांच्या भाषेत यासाठी लांबलचक संज्ञा आहेत. मराठीत तीन शब्द पुरतात: धाक, आमिष आणि भीड.

धाक ओळखू येतो. 'फॉर्म भरल्याशिवाय जर्नलवर सही नाही' असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे हे समजायला संशोधन तपासून परवानगी देणारी नीती समिती लागत नाही. आमिष त्याहून थोडं अवघड. पण सगळ्यांत जास्त काम करते ती भीड, कारण तिच्यात कोणी वाईट वागलेलंच नसतं. सर चांगले आहेत, त्यांनी मागच्या वर्षी फीसाठी शब्द टाकला होता, मग त्यांना नाही कसं म्हणायचं? बाजूचे सगळे लिहितायत, आपणच कसे हात बांधून बसायचं? भीड ही भिकेची बहीण, असं आपण व्यवहारात म्हणतो. संशोधनात ती खोट्या संमतीची बहीण असते.

भीड किती खोल जाते याचं एक उदाहरण दक्षिण कोरियातलं आहे. सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातले ह्वांग वू-सुक हे मूलपेशींवर (स्टेम सेल) काम करणारे नामांकित शास्त्रज्ञ. २००४ मध्ये त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. त्या कामाला स्त्रीबीजं लागत होती आणि ती काढणं हे इंजेक्शनं व भूल यांतून जाणारं, त्रासाचं काम. बीजं देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक मुली होत्या का, असा प्रश्न लगेच विचारला गेला. आधी नकार आला. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांनी कबूल केलं की होत्या. पुढे त्यांचं संशोधनच बनावट निघालं, आणि त्या गदारोळात हा मुद्दा मागे पडला. मला मात्र तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या मुलींनी खुशीनं दिली असतील, असं गृहीत धरू. पण ज्या प्रयोगशाळेत त्यांचं करिअर घडायचं होतं, तिथल्या प्रमुखाला बीजांची गरज आहे हे त्यांना रोज दिसत होतं. त्यांच्या 'हो'मधला खुशीचा वाटा किती आणि भिडेचा किती, हे त्यांना स्वतःला तरी सांगता आलं असतं का?

आता आमिषाकडे येऊ. विद्यार्थ्याला पैसे देऊच नयेत असं कोणताही नियम म्हणत नाही. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेला वेळ, यांचा मोबदला देणं रास्त आहे. रक्कम जेव्हा धोक्याकडे डोळेझाक करायला लावते, तेव्हा ती आमिष होते. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाची १९ वर्षांची एक विद्यार्थिनी १९९६ मध्ये एका अभ्यासात सहभागी झाली. नळी घालून फुप्फुसातल्या पेशी काढायच्या होत्या, मोबदला १५० डॉलर. घसा बधिर करण्यासाठी वापरलेल्या लिडोकेनचं प्रमाण जास्त झालं आणि दोन दिवसांनी ती गेली. तब्येतीनं धडधाकट मुलगी, आजाराचं कोणतंही कारण नसताना. ज्यांना खर्चायला पैसे कमी आणि मोकळा वेळ बराच, अशी माणसं विद्यापीठाच्या आवारात सहज सापडतात. त्यामुळे जोखमीचं ओझं वारंवार त्यांच्याच खांद्यावर येतं, आणि हा न्यायाचाही प्रश्न आहे.

आमिष मार्कांचंही असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत मानसशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात प्रयोगांना बसलं की जादा गुण मिळतात. तिथल्या मानसशास्त्र संघटनेच्या आचारसंहितेत याला एक अट आहे: ज्याला प्रयोगात बसायचं नाही त्याला तितक्याच गुणांचं दुसरं रास्त काम निवडता आलं पाहिजे. रास्त म्हणजे कसं? प्रयोगाला अर्धा तास लागणार असेल आणि पर्यायी काम म्हणून वीस पानांचा निबंध दिला, तर तो पर्याय नव्हे, शिक्षा झाली. आपल्याकडे 'फॉर्म भरणाऱ्याला दोन मार्क' हे कुठेही लिहिलेलं नसतं, नुसतं बोललेलं असतं. आणि पर्यायाचं तर नावच निघत नाही.

सगळ्यांना माहीत असलेला तुरुंगाचा प्रयोग या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट १९७१, स्टॅनफर्ड विद्यापीठ. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन २४ कॉलेज विद्यार्थी निवडले, रोजचे १५ डॉलर. मानसशास्त्र विभागाच्या तळघरात खोटा तुरुंग उभारला, काही जण पहारेकरी, काही कैदी. दोन आठवडे चालायचा होता, सहा दिवसांत बंद करावा लागला. छळ किती झाला यावर बरंच लिहिलं गेलंय आणि प्रयोगाच्या निष्कर्षांवर पुढे टीकाही झाली. मला त्यातल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. संशोधक फिलिप झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षकही होते. मुलगा रडायला लागला तर त्याला बाहेर सोडायचं की प्रयोग वाचवायचा, हा निर्णय एकाच डोक्यात व्हायचा होता. आणि हे थांबवा, असं ठामपणे म्हणाली ती बाहेरून पाहायला आलेली क्रिस्टीना मास्लाच, नुकतीच पीएच.डी. झालेली. आतल्या सगळ्यांची नजर सहा दिवसांत सरावली होती.

संशोधनाच्या नीती समितीत बाहेरची माणसं का लागतात, ते इथं समजतं. आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे समितीत ७ ते १५ सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एखादा सामान्य माणूसही हवा. तो सामान्य माणूस पुष्कळदा सगळ्यांत कामाचा प्रश्न विचारतो: "पण हे तुम्ही त्यांना वर्गातच विचारणार का?"

"साधा सर्व्हे तर आहे, त्यात काय बिघडतं?" हा मी सर्वांत जास्त ऐकलेला सवाल. सर्व्हेत रक्त निघत नाही, हे खरं. पण प्रश्नावलीत काय विचारलं जातं ते पाहा. वडिलांचं उत्पन्न, जातीचा प्रवर्ग, तालुका, लिंग, शाखा. नाव नाही, म्हणजे ओळख नाही, असं आपण समजतो. एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल शाखेत तिसऱ्या वर्षाला चारच मुली असतील, तर 'स्त्री, मेकॅनिकल, तालुका अक्कलकुवा' एवढं वाचून शिपाईसुद्धा नाव सांगेल. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय चालू राहिली की 'ही माहिती गुप्त राहील' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'झालं भरून' असे अंगठे उमटायला लागले, की कोणी भरलं नाही तेही आपोआप कळतं.

मनाच्या तब्येतीवरच्या प्रश्नावल्यांत पेच आणखी खोल असतो. मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किती, हा प्रबंधांचा नेहमीचा विषय. त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी सर्रास वापरतात. नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले का, असा आहे. समजा एकीनं तिथं 'जवळजवळ रोज' यावर खूण केली. प्रश्नावली निनावी असेल तर ती कोण हे कळणार नाही, मदत पोचणार नाही. नाव असेल तर मदत करता येईल, पण मग आपल्याच विभागातल्या मॅडमना, ज्या उद्या तिची तोंडी परीक्षा घेणार, हे कळेल. आणि तसं कळणार हे माहीत असलेली मुलगी मुळात खरी खूण करणारच नाही. यावर एकच पक्कं उत्तर नाही. पण काही गोष्टी आधी ठरवता येतात. प्रश्नावलीवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालून, कोणता क्रमांक कोणाचा ही यादी शिकवण्याशी संबंध नसलेला समुपदेशक स्वतःकडे ठेवू शकतो. उत्तरं आठवड्यांनी उघडायची असतील तर हा प्रश्न विचारायचाच नाही, हेही ठरवता येतं. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिता येतं की 'या प्रश्नाचं उत्तर अमुक असेल तर अमुक व्यक्ती तुमच्याशी बोलेल'. आणि प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापायला तर काहीच लागत नाही. ती सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येतं. दोन आठवडे मरणाचा विचार करणाऱ्या मुलीला आपण प्रश्न विचारला, तिचं उत्तर घेतलं, कपाटात ठेवलं आणि मार्चमध्ये टक्केवारी काढली, हे मला असह्य वाटतं.

एक फरक इथंच स्पष्ट करते, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थी स्वतःच्या बोटाला टोचून हिमोग्लोबिन मोजतात. ते शिक्षण आहे. पण तेच आकडे गोळा करून 'अमुक कॉलेजच्या विद्यार्थिनींमधील रक्तक्षय' असा निबंध लिहायचा ठरवला, की ते संशोधन झालं. मग माहितीपत्रक हवं, संमती हवी आणि समितीची परवानगी हवी, तीही सुरुवात करण्याआधी. काम उरकल्यावर मागील तारखेनं मंजुरी देता येत नाही. वर्षअखेरच्या फीडबॅक फॉर्मचा शोधनिबंध करणाऱ्यांचीही इथंच अडचण होते. जोखीम अगदी कमी असेल तर समिती झटपट तपासणी करते किंवा सूटही देते. मात्र सूट द्यायची की नाही हे ठरवायचं समितीनं, ज्याचा प्रबंध आहे त्यानं नव्हे. कला आणि वाणिज्य शाखेच्या अनेक कॉलेजांत अशी समितीच नसते, ही आपली मोठी उणीव.

वयाचंही पाहावं लागतं. एफवायच्या वर्गात १७ वर्षांची मुलं असतात, ज्युनिअर कॉलेज तर त्याच आवारात. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती आणि त्याशिवाय त्या मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

या सगळ्यावर उपाय म्हणून विद्यार्थ्यांवर संशोधनच करू नये, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी का गप्प होतो, वसतिगृहात मुली जेवण का टाळतात, हे त्यांनाच विचारायला हवं. न विचारणं म्हणजे त्यांची दुःखं अभ्यासाबाहेर ठेवणं. खरी चूक वेगळी आहे. आपल्याला ज्यांचा अभ्यास करायचा ते विद्यार्थी नसतातच, तरी हाताशी आहेत म्हणून विद्यार्थी घेतो. 'ग्राहकांचा ऑनलाइन खरेदीकडे कल' आणि नमुना टीवायबीकॉम! हा रोग जुना आणि जागतिक आहे. सामाजिक मानसशास्त्रातल्या एका आघाडीच्या नियतकालिकाची तपासणी झाली, तेव्हा अमेरिकेतल्या नमुन्यांपैकी ६७ टक्के नमुने निव्वळ मानसशास्त्राच्या पदवी-विद्यार्थ्यांचे निघाले. हा आकडा २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सगळ्यांपुढे ठेवला आणि मूठभर लोकांवरून अख्ख्या मानवजातीचे निष्कर्ष काढू नका, असं सांगितलं. भिडेपोटी भरलेल्या फॉर्मचं तर विचारूच नका. पहिल्या पानावर विचार करून दिलेली उत्तरं असतात, तिसऱ्या पानावर सगळीकडे मधल्या रकान्यात सरळ खाली उतरत गेलेल्या खुणा. त्यावरून काढलेली सरासरी म्हणजे वर्ग किती कंटाळला होता याचं माप.

मग नीट करायचं कसं? मी पुढच्या अभ्यासाच्या वेळी आधी माहितीपत्रकाची भाषा बदलली. जुन्या पत्रकात होतं: 'सदर संशोधनातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून सहभाग नाकारल्यास आपल्या शैक्षणिक हितास कोणतीही बाधा पोहोचणार नाही.' हे मराठीच आहे, पण ते कोर्टाच्या कागदासारखं वाचलं जातं, म्हणजे वाचलंच जात नाही. नव्यात लिहिलं: 'हा फॉर्म भरायचाच असं नाही. भरला नाही तर इंटर्नल, अटेंडन्स, जर्नल, हॉल तिकीट यांपैकी कशालाही धक्का लागणार नाही. मध्येच सोडावासा वाटला तर सोडा, कारण सांगू नका. कोणी भरला आणि कोणी नाही, हे मला कधीच कळणार नाही.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं, की आता ते खरं करून दाखवावं लागणार.

म्हणून मी वर्गात गेलेच नाही. दुसऱ्या विभागातल्या, त्या मुलांना काहीच न शिकवणाऱ्या एका सहकारी मॅडमनी जाऊन विषय समजावला. विचार करायला आठवडा दिला. प्रत्येकाला एक लिफाफा मिळाला आणि प्रत्येकानं तो चिकटवून ग्रंथालयातल्या पेटीत टाकायचा, भरलेला असो की कोरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे बाजूच्या मैत्रिणीलाही पत्ता लागत नाही. पेटी ग्रंथपालांच्या ताब्यात राहिली आणि निकाल लागेपर्यंत ती उघडायची नाही असं आम्ही ठरवलं. गाइड या उशिरावर नाराज होते. तीन महिने वाट पाहणं मलाही जड गेलं.

बरेच लिफाफे कोरे निघाले. किती ते मोजलं आणि अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात तो आकडा लिहिला. भरलेल्या प्रश्नावल्यांत लोक आधीपेक्षा मोकळे झाले होते; एकानं तर मागच्या पानावर मेसच्या मालकाशी झालेलं भांडण सविस्तर लिहिलं होतं. तरीही दोघा-तिघांनी उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं रोल नंबर घातलाच होता. ग्रंथपालांनी तो खोडरबरानं पुसला आणि मगच गठ्ठा माझ्याकडे दिला.